१५२ चा अर्थ

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५, तिरुक्करुगावूर

आडी महिन्यातला शुक्रवार, त्यात वरलक्ष्मी व्रत. गर्भरक्षांबिकेच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. भाचीला सहावा लागलाय. आडीत शुभकार्य करत नाहीत, म्हणून वळैकाप्पु, म्हणजे इथलं डोहाळजेवण, आवणी लागल्यावर. पण दर्शनाला काही अडत नाही, असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं. त्या तंजावरी देशस्थ. घरात मराठी बोलतात आणि हिशेब तमिळमध्ये करतात.

इथे मूल व्हावं म्हणून येणाऱ्यांना तूप देतात आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून येणाऱ्यांना एरंडेल. कळा सुरू झाल्या की ते पोटावर लावायचं. खिडकीतला माणूस एवढंच विचारत होता, "तूप की तेल?" उत्तर मिळालं की समोरची बाई कशासाठी आलीय हे त्याला कळायचं. दुसरा प्रश्न नाही. शेजारी मुल्लैवननाथरचं लिंग वारुळाच्या मातीचं, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही. पुनुगु हे सुगंधी द्रव्य चढवतात.

संध्याकाळी भाचीची फाइल चाळली. लॅबच्या कागदावर 'ग्लुकोज १५२' आणि खाली सही. ग्लुकोज किती ग्रॅम पाजलं, रक्त किती वेळाने घेतलं, काही नाही. ५० ग्रॅम पाजून तासाभराने घेतलं असेल, तर १४० च्या वरचा आकडा हा नुसता संशय. पुढची तपासणी करायची. ७५ ग्रॅम पाजून दोन तासांनी घेतलं असेल, तर आपल्याकडच्या 'डिप्सी' पद्धतीप्रमाणे १४० किंवा त्यापुढे म्हणजे गरोदरपणातला मधुमेह, निदान झालंच. उंबरठा दोन्हीकडे १४० चाच, आणि कागदावर फक्त १५२.

"अगं, काय प्यायला दिलं होतं?"

"मावशी, लिंबाच्या चवीचं काहीतरी. गोडमिट्ट."

"बसवलं किती वेळ?"

"दोन तास. फोनवर अर्धा सिनेमा बघून झाला."

म्हणजे उत्तर होतं, पण भाचीच्या डोक्यात. कागदावर नव्हतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ७५ ग्रॅम, दोन तास. आहाराचा तक्ता दिलाय, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाल्या. ही सोपी तपासणी चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांच्या कामातून रुजली. बाई जेवून आलीय की उपाशी, हे न बघता करता येते. खेड्यातून बसने येणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा बोलवायचं नाही, हा तिचा मोठा फायदा.

आकड्याला असा अर्थ जोडून ठेवणं, माझं पोट याच कामावर आहे. पुण्यात इस्पितळांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी 'टर्मिनॉलॉजी' बघते. बाकीचे याला मॅपिंग म्हणतात आणि कंटाळवाणं समजतात. तपासण्यांसाठी 'लॉइंक' ही संकेतावली आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ संस्थेने ती १९९४ मध्ये सुरू केली. तिच्यात ५० ग्रॅम-एक तास आणि ७५ ग्रॅम-दोन तास या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, त्यांचे क्रमांक वेगळे. निदानासाठी 'स्नोमेड सीटी', त्यात साडेतीन लाखांवर संकल्पना. गरोदरपणातल्या मधुमेहाचा क्रमांक ११६८७००२. डॉक्टर 'जीडीएम' लिहोत, नाही तर 'गरोदरपणात शुगर', आत जातो तो हाच क्रमांक.

नुसत्या क्रमांकाने भागत नाही. हा आजार मधुमेहाचाच एक प्रकार आहे, हे नातंही यंत्राला सांगावं लागतं. मग 'मधुमेह असलेल्या सगळ्या गरोदर बायका दाखव' म्हटलं की हिचं नावही येतं. अक्षरं शोधणारा संगणक 'मधुमेह नाही' लिहिलेली बाई आणून दाखवतो, 'आईला मधुमेह' वालीही दाखवतो, आणि 'जीडीएम' लिहिलेली मात्र त्याला सापडत नाही. धंद्यात ज्याला सिमँटिक तंत्रज्ञान म्हणतात त्याचा गाभा एवढाच: वस्तूला ओळख द्यायची, वस्तू-वस्तूंमधलं नातं स्पष्ट लिहायचं, आणि त्यावरून न लिहिलेलं यंत्राला काढू द्यायचं. कर्ता, संबंध, कर्म अशा तीन पदांत माहिती मांडायची 'आरडीएफ' पद्धत वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने १९९९ मध्ये मान्य केली. २००१ च्या मे महिन्यात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा याच विषयावरचा गाजलेला लेख 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आला. तर्काची भाषा 'आउल' २००४ ची, प्रश्न विचारायची भाषा 'स्पार्कल' २००८ ची.

रविवार, १० ऑगस्ट, तंजावर

मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत कोरलेला आहे, १८०३ चा. देवनागरीतलं मराठी, ओळींमागून ओळी. कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या गादीवर कोण, सगळं नात्यांनी बांधलेलं. सासूबाई बोटाने अक्षर लावत वाचत होत्या. पुण्यामुंबईची मंडळी इथे थबकतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

हे कोरवून घेणारे सरफोजी राजे (दुसरे) १७९८ पासून १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रुग्णाची तक्रार, उपचार, आणि काही टिपणांसोबत त्या डोळ्याचं चित्रही. दोनशे वर्षांपूर्वीचा केसपेपर! तो आज लावायला अभ्यासक लागतो. गंमत अशी की परवाचा लॅबचा कागद लावायलाही भाचीची साक्ष लागलीच.

भिंतीपाशी उभी असताना माझ्या कामातला एक फरक मात्र नीट कळला. दगडात कोरलेलं १८०३ ला थांबलं तरी चालतं. आमची संज्ञावली थांबली की ती खोटी पडते. २०२० च्या सुरुवातीला कोविडसाठी स्नोमेडमध्ये संकल्पनाच नव्हती. मार्चमध्ये ती घाईने घालावी लागली. ज्या इस्पितळाने जुनी आवृत्ती तशीच ठेवली असेल, त्याच्या नोंदींत तो आजार 'इतर विषाणुजन्य' मध्ये गेला असणार.

सोमवार, ११ ऑगस्ट

भाचीच्या विम्याचा अर्ज परत आला. कारण: पत्ता जुळत नाही. आधारवर गावाचं नाव इंग्रजीत एका तऱ्हेने, इस्पितळाच्या कागदावर दुसऱ्या, विमा कंपनीकडे तिसऱ्या. तमिळमध्ये 'क' आणि 'ग' ला एकच अक्षर, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना ज्याला जसं सुचेल तसं. कंपनीच्या संगणकाला ही तीन गावं वाटली. जावईबापू दुपारभर फोनवर होते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत देशातल्या प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक आहे. अर्जात तो एक रकाना असता तर दुपार वाचली असती.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन, डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिवसानिमित्त पाळतात. त्यांचा जन्म १८९२ चा, शियाळीचा, म्हणजे आजच्या सीरकाळीचा. जुन्या तंजावर जिल्ह्यातलंच गाव. रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला शिकायला गेले, आणि तिथे सेल्फ्रिजच्या दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहून त्यांना सुचलं की विषयाला एकच खण देण्याऐवजी तुकडे जोडून हवा तो विषय उभा करावा. त्यातून १९३३ चं द्विबिंदू वर्गीकरण आलं, आणि पुढे त्यातले पाच पैलू ठरले: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. 'तंजावर जिल्ह्यातल्या १९ व्या शतकातल्या डोळ्यांच्या आजारांवरचे उपचार' हा विषय त्यात सहज मावतो. १९६२ मध्ये त्यांनी बंगळुरूला डीआरटीसी हे प्रशिक्षण केंद्र काढलं. आज जगभर ऑनलाइन दुकानांत डाव्या बाजूला रंग, किंमत, माप अशा गाळण्या लावून आपण साडी निवडतो, त्यामागे याच पैलूंच्या वर्गीकरणाचा विचार आहे. परवा चेन्नईच्या सभेत माझं भाषण आहे, त्यात हे नाव घ्यायचं ठरवलं.

बाकी भाषणाची जुळवाजुळव. या विषयाच्या सभांचे दोन घाट. एक अभ्यासकांचा: 'आयएसडब्ल्यूसी' ही परिषद २००२ मध्ये सार्डिनियात सुरू झाली, यंदा नोव्हेंबरात जपानमध्ये नारा इथे आहे. दुसरा धंदेवाल्यांचा: २००५ पासून काही वर्षं कॅलिफोर्नियात भरलेली सिमँटिक टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स, २०१९ पासून न्यूयॉर्कची नॉलेज ग्राफ कॉन्फरन्स. व्हिएन्नात पुढच्या महिन्यात भरणाऱ्या 'सिमँटिक्स'मध्ये दोन्ही घाटांची माणसं येतात. आपल्याकडे २०११ मध्ये हैदराबादला जागतिक वेब परिषद भरली होती. सभांमधून सांगण्यासारखी उदाहरणं त्याच सुमाराची. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात बीबीसीने संघ आणि खेळाडूंची शेकडो पानं हाताने न रचता अशा नात्यांवरून आपोआप तयार केली. बातमीदाराने बातमीला खेळाडूची खूण लावायची, बाकी पान यंत्राने जुळवायचं. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' काढलं, २०१२ मध्ये गूगलचा नॉलेज ग्राफ आला.

गुरुवार, १४ ऑगस्ट, चेन्नई

इस्पितळांच्या माहिती-व्यवस्थेवरची सभा. हॉटेलच्या तळघरातला वातानुकूलित हॉल, गळ्यात पट्टे, कापडी पिशव्या, स्टॉलवर गोळ्यांचे वाडगे. प्रत्येक स्टॉलच्या पडद्यावर रंगीत ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. आता त्याला भाषिक मॉडेलही जोडलेलं. प्रश्न साध्या इंग्रजीत विचारा, उत्तर ग्राफमधून येईल आणि मॉडेलला मनाचं काही रचता येणार नाही, असा दावा. दावा निम्मा खरा आहे. ग्राफमध्ये १५२ नुसता पडलेला असेल, तर मॉडेल त्यावर सुंदर वाक्य रचेल, एवढंच.

मी भाचीचं नाव न घेता ते उदाहरण पडद्यावर दाखवलं. रंगनाथन यांचं नाव घेतल्यावर मागच्या रांगेतल्या दोन ग्रंथपाल बायका ताठ बसल्या. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे इथे वापरायला परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅककडे आहे, हे सांगितलं तेव्हा तीन-चार जणांनी फोनवर टिपून घेतलं. केंद्राचे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचे निकष २०१३ मध्ये आले, २०१६ मध्ये सुधारले, त्यात स्नोमेड आणि लॉइंक दोन्ही आहेत. हे सगळं जाहीर आहे, तरी सभेत ते नवीन वाटतं.

जेवणाच्या रांगेत मदुराईकडच्या एका इस्पितळाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागातली बाई भेटली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे असं काम झालं होतं. दोन वर्षं छान चाललं. करणारा मुलगा सोडून गेला. नवीन तपासण्या आल्या, त्यांना क्रमांक कोणी लावले नाहीत. आता पुन्हा मीच रजिस्टर भरते." दिवसभरात ऐकलेल्या भाषणांपेक्षा, माझं धरून, हे जास्त कामाचं होतं.

जेवणानंतर मुद्दाम स्टॉलांवर फिरले. प्रत्येकाला विचारलं: पुढच्या वर्षी लॅबने नवीन तपासणी सुरू केली तर क्रमांक कोण लावणार? कोणी 'एआय लावेल' म्हणालं, कोणी वार्षिक देखभालीचं दरपत्रक काढलं. एकाने मात्र विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये कोण बसतं? आधी त्यांना शिकवू." त्याचं कार्ड घेतलं.

शनिवार, १६ ऑगस्ट, पुण्याला परतताना

पंचवीस वर्षांच्या धंद्यावरून माझं मत सांगायचं तर हे तंत्र पोकळ नाही. पैसे बुडतात ते बहुधा तंत्रामुळे नाही. क्रमांक लावणं हे एकदाचं काम समजतात, ते रोजचं काम आहे. मुनीम ठेवल्याशिवाय कोणी दुकान चालवत नाही, पण संज्ञावली मात्र माणसाशिवाय चालेल असं इस्पितळांनाही वाटतं, बँकांनाही आणि सरकारी खात्यांनाही.

म्हणून अशा सभेला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. रंगीत ग्राफ जरूर बघा, पण विकणाऱ्याला आणि त्याआधी स्वतःच्या साहेबाला तीन गोष्टी विचारा. आपल्या नोंदीतला एक आकडा घ्या, तो कशाचा, कसा आणि केव्हा मोजला हे नोंदीवरूनच सांगता येतं का? नवीन संज्ञा आली की ती घालणारं माणूस कोण, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून? ते माणूस सोडून गेलं तर त्याच्या जागी कोण बसणार? तिन्हींची उत्तरं नावासकट मिळाली तर खुशाल करार करा. नाही मिळाली तर ते पैसे आधी एका चांगल्या रेकॉर्ड-कीपरवर खर्च करा.