तेव्हाचे मन आणि आजचे मन

न्यायवैद्यकीय मनोरुग्णाच्या तपासणीत दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळले की अहवाल फसतो. घटना घडली त्या वेळी आरोपीला आपण काय करतो आहोत, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळत होते का, हा पहिला. जुन्या दंड संहितेचे कलम ८४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२, या प्रश्नाचे आहे. आज त्याला खटला समजतो का, स्वतःचा बचाव करता येतो का, हा दुसरा. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ मध्ये येतो. तपासणीसाठी येणाऱ्या पत्रात मात्र पुष्कळदा एवढेच असते : आरोपीची मानसिक स्थिती कळवावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ प्रमाणे आजारी कैद्याला तुरुंगातल्याच मानसोपचार कक्षात ठेवायचे; तो कक्ष नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मनोरुग्णालयात हलवायचे.

पनवेलजवळच्या एका गावातला तिशीचा कच्चा कैदी प्रस्तुत लेखिकेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून तपासला होता. शेजाऱ्याच्या डोक्यात दांडका घातल्याचा आरोप. आधीच्या एका तपासणीत त्याच्या कागदावर ‘ठीक आहे’ एवढाच शेरा पडला होता. पोलीस पार्टीसोबत तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि प्रत्येक प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणाला. सोंग करणारा सहसा लक्षणे दाखवतो. खरा आजारी पुष्कळदा ती लपवतो. म्हणून एका मुलाखतीवर मत देऊ नये. वॉर्डातले दहा-बारा दिवस, त्यातही रात्री, जास्त सांगतात. त्याला वॉर्डात ठेवल्यावर सिस्टरच्या नोंदवहीत तिसऱ्या रात्री लिहिलेले होते : ‘२.४० वा. भिंतीकडे तोंड करून हळू बोलतो. लाइट लावताच गप्प.’ एवढ्या तंतोतंत नोंदीची बरोबरी कुठलीही प्रश्नावली करत नाही. चाचण्या शंकेनुसार निवडाव्यात : बौद्धिक अक्षमता वाटली तर बिने-कामत, स्मृतीबद्दल शंका असेल तर त्यासाठीच्या. सरसकट सगळ्या लावण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर साध्या बोलण्यातून मिळते. तुझा वकील कोणाच्या बाजूने बोलतो, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘शेजाऱ्याच्या. सगळे त्याचेच.’ अशा आरोपीचा खटला पुढे ढकलून उपचार करायचे असतात. आधी औषध. कानातले आवाज मागे हटायला काही आठवडे लागतात. त्यानंतरच आजाराची ओळख, गोळ्या का घ्यायच्या, न्यायाधीश, सरकारी वकील, आपला वकील यांची कामे, हे पुन्हापुन्हा शिकवता येते. आठव्या आठवड्यात त्याने स्वतः विचारले, ‘माझी तारीख कधी?’

पण पहिला प्रश्न उरलाच होता. तेव्हाच्या मनाची आज तपासणी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात म्हटले आहे की त्या वेळची मनःस्थिती घटनेच्या आधीच्या, वेळच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरून ठरवायची, आणि ती दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. तुरुंगात बसलेल्या आजारी माणसाने हा भार उचलायचा कसा?

त्याची आई भेटीला आली तेव्हा पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली घडी घातलेला एक केसपेपर होता. घटनेच्या तीन वर्षे आधीचा, ओपीडीचा. वर रिस्पेरिडोन लिहिलेले, खाली ‘कानात आवाज, शेजाऱ्यांवर संशय’. तो कोणी मागितलाच नव्हता. ‘कामाचा आहे का हो बाई?’ असे तिने विचारले. अहवालातला सर्वांत वजनदार पुरावा तोच ठरला.

घरात मानसिक आजाराचे माणूस असेल तर प्रत्येक केसपेपर, औषधाची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. अटकेची वेळ आलीच, तर त्यांची झेरॉक्स पहिल्याच तारखेला वकिलाच्या हातात द्या.