दगडापेक्षा वीट मऊ

'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण मी छत्तीस वर्षे मुलांस शिकविली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, एवढ्यावर तिचा निकाल लागे. परंतु याच म्हणीपायी सख्ख्या थोरल्या बंधूंशी माझे पाच वर्षे मोकळे बोलणे राहणार नाही, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मला ते खरे वाटले नसते.

आमचे दादा रेणापूरकडील गावी शेती सांभाळून आहेत. मी नोकरीनिमित्त नांदेडास आलो तो तेथेच राहिलो. २०१९ च्या एप्रिलात नांदेडास लोकसभेची निवडणूक झाली. काँग्रेसचे श्री. अशोकराव चव्हाण आणि भारतीय जनता पक्षाचे श्री. प्रतापराव चिखलीकर यांत मुख्य सामना होता. माझे मन दोघांपैकी कोणाकडेही पुरते वळत नव्हते. तथापि एक त्यातल्या त्यात बरे वाटले, म्हणून त्यांस मत दिले. श्री. चिखलीकर सुमारे चाळीस हजारांनी निवडून आले. वंचित बहुजन आघाडीच्या तिसऱ्या उमेदवारास मात्र एक लाख सहासष्ट हजारांवर मते पडली होती. 'जो निवडून येणार नाही त्यास मत देणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे,' असे मी एका जुन्या विद्यार्थ्यास सुनावले. तो नम्रपणे म्हणाला, 'गुरुजी, आजवर दुसऱ्याच्या भीतीने मत दिले. एकदा स्वतःच्या मनाने देऊन पाहिले.'

त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली. लातूर ग्रामीण मतदारसंघात काँग्रेसचे श्री. धीरज देशमुख सुमारे एक लाख पस्तीस हजार मतांनिशी विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर मात्र कोणी मनुष्यच नव्हता! सुमारे साडेसत्तावीस हजार मतदारांनी 'वरीलपैकी कोणीही नाही', अर्थात् 'नोटा', हे बटण दाबले होते. युतीत ती जागा शिवसेनेस सुटल्यामुळे नाराज झालेल्यांची ही मते, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. दादांचे मतही त्यांतच होते. त्यांची नाराजी मात्र कोणत्याही एका पक्षाची नव्हती.

दिवाळीस सारे गावी जमलो. फराळाची ताटे पुढे असता विषय निघाला. मी म्हणालो, "दादा, तुम्ही मत दिले नाही, टाकून दिले."

दादा शांतपणे म्हणाले, "आणि तू काय केलेस? मऊ म्हणून वीट उशाला घेतलीस. आता लागू दे झोप."

मुले हसली. मला राग आवरला नाही. 'भ्याडपणा' हा शब्द तोंडून निघून गेला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काही न बोलता परत आत गेल्या. त्यानंतर सणावारी भेटी झाल्या, क्षेमकुशल झाले. त्यापलीकडे काही नाही.

त्या काळात माझ्या मनात बलरामाची कथा घोळत असे. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे शिष्य. म्हणून कोणत्याही पक्षास न मिळता तो सरस्वतीच्या तीर्थयात्रेस निघून गेला. परतला तो गदायुद्धाच्या वेळी. भीमाने मांडीवर केलेला प्रहार पाहून तो संतापला. तो संताप न्याय्यच होता. पण तोवर कुरुक्षेत्र ओस पडले होते. 'नोटा'चेही असेच नाही काय? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे बटण आले. त्यापूर्वी नकार द्यावयाचा तर नोंदवहीत सही करावी लागे आणि गुप्तता राहत नसे. आता गुप्तता राहते. परंतु विधानसभेस वा लोकसभेस 'नोटा'स कितीही मते पडोत, उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो.

हा दृष्टांत दादांस ऐकवावा, असा माझा बेत होता. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये श्री. अशोकराव चव्हाण भारतीय जनता पक्षात गेले, आणि एप्रिलात श्री. चिखलीकरांकरिता मते मागू लागले. मी २०१९ साली कोणास मत दिले हे सांगण्याचे आता प्रयोजनच उरले नाही. ज्यांस दिले आणि ज्यांस टाळण्याकरिता दिले, ते दोघे एकाच व्यासपीठावर होते. पक्ष बदलणे न बदलणे हा त्यांचा प्रश्न. परंतु पाच वर्षे ज्या तराजूचा मी अभिमान धरला, त्यात मी नेमके काय तोलले होते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लातूर ग्रामीणला श्री. रमेश कराड हे श्री. देशमुखांविरुद्ध साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. हे अंतर २०१९ च्या 'नोटा'च्या चौथाईहूनही कमी! त्या संध्याकाळी मी दादांस फोन केला आणि प्रथम त्या एका शब्दाची क्षमा मागितली.

पलीकडे क्षणभर काही ऐकू येईना. मग दादा म्हणाले, "मीही या खेपेस दोघांतला एक निवडला. मागे नकार दिला. पण का दिला, हे पाच वर्षांत एकाही पुढाऱ्याने येऊन विचारले नाही. आणि मी तरी उठून कोणास सांगितले?"

शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे. आपत्काळी जे क्षम्य, ते नित्याचा आचार होऊ नये, हे त्याचे मर्म. कमी वाईट निवडणे हा मतदाराचा आपद्धर्मच होय. त्यात पाप नाही. चूक माझी एवढीच, की निवडलेल्या विटेस मी घरी येऊन शालग्राम म्हणू लागलो. नकारासही तोच न्याय लागतो. बटण दाबून हात धुतले की तोही नुसती तीर्थयात्राच ठरतो.

हल्ली आम्ही दोघे बंधू मतदानापूर्वी आपले कारण वहीत दोन ओळींत लिहून ठेवतो, आणि वर्षाअखेर ते एकमेकांस वाचून दाखवितो. माझे कारण मलाच वाचवत नाही, असे होते कधी कधी. तेव्हा दादा हसतात, आणि वहिनी चहा टाकतात.