जुन्या यंत्राची धुलाई

वस्तूंचे स्थलांतर वसईच्या भूमीला नवे नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि इथल्या पोर्तुगीज घंटा दूरदूरच्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. घंटेला नवी जागा मानवते. तिच्या अंगावरची जुनी चिन्हे तिच्या नादाच्या आड येत नाहीत. यंत्राचे तसे नसते. यंत्राचा एखादा भाग एका गाडीतून निघून दुसरीत जातो, तेव्हा पहिल्या घरची काजळी त्याच्या पोटात असते आणि तीच दुसऱ्या घराचा घात करू शकते.

हे मला उमगले ते मामांच्या गाडीमुळे. निर्मळच्या बाजूला मामांची वाडी आहे. सोनचाफा, केळी आणि थोडा भाजीपाला हे तिचे उत्पन्न. आणि पहाटे निघून दादरच्या बाजारात माल पोहोचवणारी जुनी डिझेल जीप हा त्या उत्पन्नाचा कणा. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या जिपेचा दम तुटू लागला. वसईच्या खाडीवरचा पूल चढताना ती निळसर धूर सोडी आणि इंजिनातले ऑईल दर आठवड्याला कमी होई. टर्बोचार्जर निकामी झाला होता. नव्याची किंमत वाडीची हंगामाची कमाई खाऊन टाकणारी. म्हणून कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एक वापरलेला टर्बो आणला गेला आणि तो घेऊन आम्ही वालीवच्या रस्त्यावरील एका गॅरेजात गेलो. तेथील वयस्क मिस्त्रींना सारे वस्ताद म्हणतात.

टर्बोची कल्पना मोठी काटकसरी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्याच्या वेगावर एक चाक फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, एवढेच त्याचे सूत्र. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. टाकाऊतून बळ काढणाऱ्या या यंत्राचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तोही ऑईलच्या एका पातळ थरावर तरंगत. त्या थरात वाळूचा एक कण शिरला किंवा ऑईल क्षणभर आटले, तरी दांडा आणि बेअरिंग एकमेकांना खाऊ लागतात. मग ऑईल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. क्वचित असेही होते, की डिझेल इंजिन स्वतःचेच ऑईल जाळत पिसाटासारखे पळत सुटते. किल्ली काढली तरी थांबत नाही. मामांची खरी धास्ती ती होती. टर्बो गेला तर एक हंगाम जाणार होता. इंजिन गेले तर गाडीच जाणार होती.

मी तारेचा ब्रश कुठे आहे म्हणून विचारले. वस्ताद हसले. "भाचेबुवा, चकचकीत नाही करायचं याला. आधी विचारायचं, बाबा रे, मागच्या घरून का निघालास?"

त्यांनी प्रथम टर्बोची सारी भोके बोळ्यांनी बंद केली, म्हणजे बाहेरची माती पुसताना आत जाणार नाही. मग दोन्ही बाजूंची कवचे मधल्या भागावर कशी बसली आहेत, त्याच्या खुणा केल्या आणि ती उघडली. रॉकेलच्या परातीत काजळी भिजू दिली; मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने ती हळूहळू सोडवली. तारेच्या ब्रशने पात्यांवर ओरखडे उठतात, आणि एवढ्या वेगात किंचित बिघडलेला तोलही घातक ठरतो. हवेच्या पाइपाने चाक गरगर फिरवण्याचा मोह मुलांना होतो. कोरड्या बेअरिंगला तोही मारक, असे त्यांनी बजावले. मग दांडा बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित हलला. ऑईलच्या थरासाठी तेवढी मोकळीक असायचीच. पुढेमागे मात्र तो सरकला नाही. पाती शाबूत होती. ऑईलच्या वाटेत तेवढा जळून टणक झालेला कोळसा साचला होता. भरधाव आलेली गाडी लगेच बंद केली, की तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑईल असेच करपते.

"हा चांगला आहे," वस्ताद म्हणाले, "आता तुमच्या घरचं बघू."

त्यांनी जिपेची ऑईल पुरवणारी नळी सोडवून उजेडासमोर धरली. पलीकडचा उजेड जेमतेम दिसत होता. पहिला टर्बो का मेला, याचे उत्तर त्या नळीत होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. परक्या बाजारातून आलेल्या वस्तूवर आम्ही दिवसभर संशय घेतला होता, आणि तिला मारणारी घाण आमच्याच गाडीत वाट पाहत होती.

नळी नवी आणली. ऑईल आणि फिल्टर बदलले, हवेचे पाइप आतून पुसून काढले, पॅकिंग नवी घातली. टर्बो बसवल्यावर त्याच्या मुखात स्वच्छ ऑईल ओतून वस्तादांनी चाक हाताने फिरवले. मगच इंजिन सुरू करून ते काही वेळ संथ चालू दिले. धूर निवळत गेला.

वसई-विरार हे नव्याने येणाऱ्यांचे शहर आहे. मुंबईतल्या चाळींतून, कोकणातून, परप्रांतांतून माणसे इथे दुसरा डाव मांडायला येतात. आलेल्याची चौकशी आपण कसून करतो: कुठला, का आला, मागे काय सोडून आला. ती चौकशी अयोग्य नव्हे. वस्तादांनीही ती केलीच. परंतु येणारा ज्या घरात नांदणार, त्या घराच्या नळ्या उजेडासमोर धरण्याची सवय आपल्याला कमी. मग आलेला टिकला नाही, की दोष त्याच्या मागच्या आयुष्याला लावून आपण मोकळे होतो.

ती जीप अजून वाडीचा माल वाहते. दादरला पोहोचल्यावर मामा लगेच किल्ली फिरवत नाहीत. मिनिटभर इंजिन तसेच संथ चालू ठेवतात आणि मगच फुलांच्या टोपल्या उतरवायला घेतात.