सकाळी काळी, संध्याकाळी राखाडी

आमच्या नारपोलीत काळं मांजर काळं असतं ते सकाळपुरतं. यंत्रमाग सुरू झाले की सुतापासून सुटलेले तंतू हवेत तरंगत राहतात आणि टेकायला जागा मिळेल तिथं टेकतात. ट्यूबलाइटवर, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर, चहाच्या सायीवर, जॉबरच्या भुवयांवर. कारखान्यात झोपणारं मांजर त्यातून कसं सुटेल? संध्याकाळच्या पाळीपर्यंत ते राखाडी झालेलं असतं. मग अंग चाटून पुन्हा काळं होतं.

आम्ही दोघी बहिणी गेली चार वर्षं संगणकावर एक मांजर काढतो आहोत. चित्र धाकटी काढते. रंग, थर आणि फाइली थोरली सांभाळते. हा लेखही दोघींचाच, म्हणून 'आम्ही'. आमच्या मांजरीचं नाव कांडी. बाण्याचं सूत जिच्यावर गुंडाळून धोट्यात घालतात ती कांडी. गावाबाहेरचे लोक ते 'कँडी' असं वाचतात आणि गोड नाव आहे म्हणतात. आम्ही वाद घालत नाही.

कार्टूनमधला प्राणी म्हटलं की टीव्हीवरचा उंदीर नाहीतर जपानी निळं मांजर डोळ्यांसमोर येतं. आमच्याही वह्यांत आधी तेच होते. पण महाराष्ट्रातही ही परंपरा आजची नाही. 'प्रभात'नं १९३०च्या दशकातच जंबूकाका नावाचा कोल्हा पडद्यावर आणला होता. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथं शिकवायला आले. जातककथेवरची 'द बनियन डिअर' ही हरणाची फिल्म त्यातूनच निघाली आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथंच घडले. त्याहून मागं जायचं तर पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आठव्या शतकात अरबीत गेले आणि 'कलीला व दिम्ना' झाले. नावं बदलली, मुलूख बदलला, भाषा बदलली, पण दिम्ना लबाडच राहिला. प्राण्याचा स्वभाव पक्का असला की तो कुठंही ओळखू येतो, एवढं आम्ही त्यातून घेतलं.

घरात पहिला अडथळा दादीचा होता. सजीवाची तस्वीर काढणं दादीला मंजूर नव्हतं. "कयामत के दिन बोलेंगे, इसमें जान डालो. तब क्या करोगी?" हा त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, आणि आम्ही नेलाही नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांची हकीकत आहे. त्या बाहुल्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख असतात का, असं रसूलल्लाहनी विचारलं. हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का, असं त्या म्हणाल्या, तेव्हा ते मनापासून हसले. ही हकीकत आम्ही दादीला वाचून दाखवली. दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "जिस कमरे में नमाज़ पढ़ती हूँ, उसमें मत लगाना." आजही त्या खोलीत कांडी नाही. यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले आहेत. आमच्या घरात तडजोड एका वाक्यात झाली.

आता कामाबद्दल. काळं मांजर काढायला सोपं वाटतं, पण असतं कठीण. १९१९ साली पडद्यावर आलेला फेलिक्स बोका काळा होता, कारण सगळं अंग काळ्यानं भरलं की आतल्या रेषा काढण्याची मेहनत वाचते. तोंड मात्र पांढरं ठेवावं लागलं, नाहीतर हावभाव दिसणार कसे? आमची कांडी तर तोंडानंही काळी. तिचा पाय पोटापुढं आला की पाय गायब, शेपटी पाठीवर आली की शेपटी गायब. निव्वळ काळ्याऐवजी गडद निळसर रंग घेऊन पाहिला, थोडं जमलं. खरी सोय रुईनं केली. पाठीच्या कडेवर, कानांवर, मिशांवर जो पांढरा भुरका बसतो त्यानंच आकृतीला कड मिळते. काळ्यावर काळं असलं तरी हा पाय आणि ते पोट, हे कळतं.

रुई नेमकी कुठं बसते, ते अब्बांना विचारलं. अब्बा जॉबर, भंडारी कंपाउंडच्या बाजूला तीस वर्षं माग दुरुस्त करत आलेले. त्यांना चित्रातलं काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात. कांडीचा कागद हातात घेऊन ते म्हणाले, "रुई वरून येते. पाठीवर बसते. पोटाला बसत नाही, पोटाला तेल लागतं." मागाखालच्या फरशीवर तेल सांडलेलं असतं आणि मांजर त्यावर लोळतं. तेव्हापासून कांडीच्या पोटावर तेलाचा एक डाग आहे. आजवर तिची चेष्टा पुष्कळांनी केली, पण तेलाचा तो डाग नारपोलीच्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावा लागला नाही.

संगणक जुना, हातचा घेतलेला. पेन टॅबलेट सर्वात स्वस्त. क्रिता हा चित्रकलेचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याचं स्वतःचं बोधचिन्हही एक खार आहे, किकी नावाची. त्यात थरांवर थर ठेवता येतात. सर्वात खाली रेखाटन, वर अंगाचा रंग, त्यावर तेलाचा डाग, आणि सगळ्यात वर रुई. रुईचा थर सकाळच्या चित्रात जवळजवळ अदृश्य ठेवायचा, दुपारी निम्मा, संध्याकाळी पुरता उघडा. त्यामुळे चित्रात घड्याळ काढावं लागत नाही. कांडीकडे पाहिलं की पाळीत किती वाजले ते कळतं. छापायला मोठं चित्र हवं असेल तर तीच आकृती इंकस्केपमध्ये वक्ररेषांनी पुन्हा बांधतो, कारण ठिपक्यांचं चित्र ताणलं की फाटतं. ठिपक्यांचं चित्र समजायला आम्हाला वेळ लागला नाही. जॅकार्डच्या नक्षीचा आलेखाचा कागद पाहिलेला असला की पिक्सेल वेगळा शिकावा लागत नाही. तिथंही एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर की खाली.

एका पानावर कांडी समोरून, तिरकी, बाजूनं आणि मागून. दुसऱ्या पानावर तिचे चेहरे: भूक, राग, आळस, आणि माग एकदम थांबल्यावरची भीती. ही शेवटची आमची लाडकी. आवाजाला सरावलेलं जनावर शांततेला दचकतं.

आतेभावानं संगणकाला एक वाक्य लिहून दहा मिनिटांत चाळीस मांजरं काढून दाखवली. सुबक होती. रुई सगळीकडे सारखी पसरलेली, बर्फासारखी.

गेल्या वर्षी लहान मुलांच्या कपड्यांवर छपाई करणाऱ्या एका गृहस्थांना कांडी आवडली. रक्कम त्यांनी सांगितली ती आमच्या घराच्या चार महिन्यांच्या खर्चाएवढी होती, आणि तेव्हा अब्बांचे माग आठवड्यातले तीन दिवस बंद असायचे. त्यांच्या अटी दोन. सर्व हक्क कायमचे त्यांचे. आणि रुई काढून टाकायची. "ताई, मांजर क्यूट आहे, पण आजारी दिसतं. स्वच्छ करून द्या."

हक्काबद्दल आम्ही वाचलेलं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचा, आणि तो चित्र काढताच लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून तर 'कायमचे' हा शब्द आवर्जून घातलेला असतो. वॉल्ट डिस्नेचा ऑस्वल्ड नावाचा ससा १९२८ मध्ये असाच हातचा गेला, कारण हक्क युनिव्हर्सलकडे होते. त्यानंतर मिकी माउस आला. ससा डिस्ने कंपनीकडे परतला तो थेट २००६ साली. डिस्नेला दुसरा प्राणी सुचला. आम्हाला सुचेलच याची हमी कोण देणार?

तरी हक्कांवर बोलणी करता आली असती. रुईवर करता येईना. रुई पुसली की उरतं ते कुठलंही मांजर. अम्मी म्हणाली, पैसे घ्या, मांजर काय पुन्हा काढाल. अब्बा काहीच म्हणाले नाहीत. आम्ही एका वर्षाची परवानगी, रुईसकट, असा कागद लिहून पाठवला. उत्तर आलं नाही. पुढं वह्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदारानं त्याच कागदावर सही केली. रक्कम पाचव्या हिश्शाची.

'आजारी दिसतं' हा शब्द मात्र मनातून जात नाही. सुताच्या धुळीनं फुप्फुसाला जे होतं त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर परतल्यावर, छाती आवळते. अब्बांना रात्री खोकला येतो. तपासायला चला म्हटलं की ते म्हणतात, "रुई काय कुणाला नवीन आहे?"

सध्या कांडीला हलतं करायचं काम चालू आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरायचं म्हटलं तर सेकंदाला बारा चित्रं. चालणं झालं, अंग झटकणं झालं. आता धाकटीचं म्हणणं आहे की कांडी खोकली पाहिजे. थोरलीचं म्हणणं, मुलं त्याला हसतील, आणि शेजारच्या खोलीत अब्बा झोपलेले असतात. धाकटी म्हणते, हसू देत. खोकल्याचा ताल तिनं रात्री कानांनी मोजून घेतला आहे: दोन लहान, एक लांब, मग थांबणं. पाच चित्रं काढून झाली आहेत. ती फाइल वेगळी ठेवली आहे आणि अजून कोणाला दाखवलेली नाही.