जाड कातडीची अट

राजकारणात पडायचं तर कातडी जाड हवी, हे माझं जुनं आणि ठाम मत होतं. तालुक्याच्या गावी वार्ताहरकी करताना सरपंच मंडळी यायची. अमक्यानं शिवीगाळ केली, तमका 'बघून घेतो' म्हणाला, बातमी लावा. मी चहा पाजायचो, बातमी लावायचो नाही. खुर्ची हवी तर शिव्याही घ्या, असं माझं सरळ गणित होतं.

त्यामागे नुसता आळस नव्हता. कायद्यानं सरपंच आणि सदस्य लोकसेवक ठरतात, त्यामुळे 'शासकीय कामात अडथळा' हे कलम त्यांनाही वापरता येतं. वित्त आयोगाच्या पैशाची बिलं ग्रामसभेत मागणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी हेच, तेव्हाचं 353 कलम लावण्याची भाषा व्हायची, हे मी पाहिलं होतं. 2018 मध्ये आपल्या राज्यानं त्या कलमाची शिक्षा दोन वर्षांवरून पाचवर नेली, तेव्हा तर मी त्याविरुद्ध कडक लिहिलं. निवडून आलेल्यांना आणखी संरक्षण देणं म्हणजे त्यांच्या हातात आणखी एक काठी देणं, असं मला वाटे.

मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानं माझं मत बदललं असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. सुरुवात त्याआधी अडीच महिने झाली, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या निकालानं. तिथल्या महिला सरपंच सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार गावातूनच झाली. आपण नवऱ्या-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत राहिल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. बाईनं सरपंच व्हावं आणि तिचं ऐकावं लागावं, हेच गावाला पचलेलं नाही, अशा आशयाचं न्यायालय बोललं. निकालाची बातमी मी दोनदा वाचली. शिवी नाही, हाणामारी नाही. सगळं अर्ज, सुनावणी आणि आदेशाच्या रस्त्यानं. मी ज्याला त्रास म्हणत होतो त्याला आवाज असायचा. हा त्रास रीतसर आवक-जावक नोंदीतून आला होता.

मग जुनी अविश्वास प्रकरणं आठवायला लागली. सदस्य 'सहली'वर गेले, ठरावाच्या सकाळी जीपमधून थेट सभेला उतरले, अशा बातम्या मी मोठ्या चवीनं लिहिल्या होत्या. थेट जनतेतून आलेल्या सरपंचाला काढायला आता तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागतं. कागदावर हे कवच भक्कम आहे. पण ठराव मंजूर व्हावाच लागतो असं नाही. तो आणू, अतिक्रमणाचा अर्ज टाकू, कोर्टात फिरवू, एवढं कानावर घातलं तरी काम होतं. आणि सरपंच बाई असेल तर तिला कोणी थेट काही बोलतच नाही. निरोप सासऱ्याकडे जातो, 'जरा सूनबाईंना समजावा.' या निरोपाची तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात करायची?

त्यानंतर 9 डिसेंबर 2024 उजाडला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना हाल करून मारण्यात आलं. तीन दिवस आधी पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली होती, तेव्हा ते मध्ये पडले होते. मुळाशी कंपनीकडून मागितलेली खंडणी होती, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. पुढे खुनाचे फोटो बाहेर आले आणि राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही. एवढंच म्हणतो की भांडणात मध्ये पडणं हे सरपंचाचं रोजचं काम आहे.

या कामाचं मानधन लोकसंख्येनुसार महिना सहा ते दहा हजार, तेही 2024 मध्ये दुप्पट झाल्यावर. आमदाराच्या मागे पोलीस असतो. सरपंचाच्या मागे भावकी असते, आणि तीही अर्धीच. ज्यानं धमकी दिली त्याच्याच दारावरून रोज शेतात जायचं असतं.

आता माझ्या जाड कातडीच्या अटीकडे पाहतो तेव्हा दिसतं की ती अट सगळ्यांत सहज कोण पुरी करतो. ज्याच्या अंगणात वाळूचे टिपर उभे आहेत तो. राखीव जागेवर आलेली शाळामास्तराची लेक किंवा अडीच एकरवाला पोरगा एक मुदत कसाबसा काढतो आणि पुन्हा अर्ज भरत नाही. त्याला किंवा तिला गावानं पाडलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. आवाज चढला म्हणजे दहशत झाली, हे मला आजही मान्य नाही. 'बिलं दाखवा' हे टेबलावर हात आपटून म्हटलं तरी चालेल. 'पोरं कुठल्या शाळेत जातात, ठाऊक आहे बरं का' हे हसत म्हटलं तरी चालणार नाही. आपल्या कायद्यात नुसती धमकी अदखलपात्र ठरते; ठाण्यात एनसीची पावती हातात देतात आणि कोर्टाचा रस्ता दाखवतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पुढे तपासही होत नाही. निवडून आलेल्या माणसाला पदाच्या कामावरून आलेल्या धमकीपुरतं तरी हे बदललं पाहिजे, असं मी आता म्हणतो.

पण कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेला जा, सरपंचाला घाम फुटेल असे प्रश्न विचारा. आणि तिथं कोणी 'बघून घेतो' म्हणालाच, तर ते वाक्य त्याच्या नावासह प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा, आणि ऐकलं म्हणून खाली तुमची सही करा. सरपंच तुमच्या पॅनेलचा नसला तरी.