ताप उतरलेली सकाळ

पाळणाघरात जाणाऱ्या मुलाचे आजारपण बहुधा रात्री सुरू होते आणि त्याला पाठवायचे की नाही हे सकाळी डबे भरता भरता ठरवावे लागते. ही वेळ वर्षातून एकदोनदाच येते असे नाही. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे बालरोगतज्ज्ञ स्वाभाविक मानतात. दिवसभर इतर मुलांत राहणाऱ्या मुलाला पहिल्या एकदोन वर्षांत ती याहूनही जास्त वेळा होते. एकेक सर्दी आठवडाभर रेंगाळली तरी वर्षातले दीडदोन महिने वाहत्या नाकाचेच जातात. ‘पूर्ण बरे झाल्याशिवाय पाठवू नये’ हा सल्ला म्हणूनच नोकरी करणाऱ्या घरात टिकत नाही. तेवढ्या रजा कोणाकडेच नसतात, आणि नाक वाहत असूनही खेळणाऱ्या मुलाला घरात बसवून ठेवण्याने त्याचेही काही भले होत नाही.

अमेरिकन अकादमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा वेळी आजाराच्या नावापेक्षा तीन गोष्टी पाहायला सांगते. मूल तिथल्या दिनक्रमात सुखाने राहू शकेल का, इतर मुलांकडे दुर्लक्ष न होता त्याची काळजी घेणे सांभाळणाऱ्यांना झेपेल का, आणि आजार पसरून इतरांना गंभीर त्रास होईल का. सर्दी या कसोटीत सहसा अडकत नाही. शेंबूड हिरवट-पिवळा झाला की घरातली मोठी माणसे धास्तावतात, पण सर्दी दोनचार दिवसांची झाली की रंग बदलतोच; तेवढ्यावरून अँटिबायोटिकची गरज ठरत नाही. खोकणारे मूल खातपीत असेल आणि त्याला धाप लागत नसेल, तर त्याला पाठवायला हरकत नसते. उलट अंग गरम नसतानाही जे मूल मलूल होऊन खांद्यावरून उतरत नाही, त्याची जागा त्या दिवशी घरीच असते.

काही आजारांत मात्र विचार करण्याजोगे काही उरत नाही. डायपरमध्ये न मावणारे जुलाब आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या असतील तर मूल घरी हवे, कारण तो संसर्ग हातांवाटे पसरतो आणि चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजायला एक माणूस पूर्ण वेळ लागतो. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस मुलाने इतरांपासून दूर राहायचे असते. हात-पाय-तोंडावर फोड येणाऱ्या, पालक ज्याला ‘एचएफएमडी’ म्हणतात त्या आजारात विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे तो पुरता जाईपर्यंत थांबणे शक्यच नसते. ताप गेला, मूल जेवू लागले, नवे फोड यायचे थांबले, की त्याला पाठवता येते. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर पाळणाघराचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठावा.

खरा पेच साध्या तापाचा असतो, आणि तो पॅरासिटामॉलमुळे वाढतो. रात्री 102 ताप असलेल्या मुलाला सकाळी सातला औषध दिले की तासाभरात अंग निवते. मूल हसते, बिस्किट मागते. घरातल्या सगळ्यांना ते बरे झालेले दिसते, कारण त्या सकाळी ते बरे असण्याची सगळ्यांनाच फार गरज असते. औषधाचा असर मात्र चार ते सहा तासच टिकतो. सातचा डोस अकरा ते एकच्या दरम्यान ओसरतो, म्हणजे नेमका पाळणाघरात सगळ्या मुलांना भरवायच्या वेळी. मूल कुडकुडू लागते, भात तोंडातून काढून टाकते, रडते. पाळणाघराच्या काकू फोन करतात. आई ठाण्याहून फोर्टला किंवा कोथरूडहून हिंजवडीला पोचलेली असते आणि परत यायला तिला दीडदोन तास लागणार असतात.

सकाळी औषध दिल्याचे काकूंना सांगितलेले नसेल तर यात धोकाही असतो. ताप चढलेला पाहून त्या चांगल्या हेतूने कपाटातले सिरप पाजतात. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम, आणि बाजारातल्या बाटल्या एकाच ताकदीच्या नसतात. एकीत पाच मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत 250. बाटली बदलली की तेवढ्याच चमच्यात दुप्पट औषध पोटात जाते. शिवाय सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात, पण ज्या मुलाला पूर्वी असे झटके येऊन गेले आहेत त्याचा ताप लपवून ठेवणे अजिबात बरोबर नाही. औषध न देता चोवीस तास ताप आला नाही तरच मूल पाठवावे, हा अनेक पाळणाघरांचा नियम कडक वाटतो, पण मुलाचा खरा ताप कळायचा दुसरा मार्ग नाही.

पाळणाघराची बाजू पालकांच्या डोळ्यांसमोर क्वचित येते. महाराष्ट्रातल्या शहरांत अनेक पाळणाघरे कोणा बाईंच्या राहत्या घरात चालतात. हॉल, एक खोली, हाताखाली एखादी मदतनीस. आजारी मुलाला वेगळे निजवायला जागा नसते, आणि एका मुलाला मांडीवर घेऊन बसले की बाकीच्यांकडे पाहायला कोणी उरत नाही. त्या बाकीच्यांत सातआठ महिन्यांचे बाळही असू शकते. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, तोवर त्या बाळाची भिस्त आसपासच्या मोठ्या मुलांच्या लसीकरणावरच असते. 2022 साली गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत गोवराची साथ आली, तेव्हा ही भिस्त किती तोकडी ठरू शकते ते शहराने पाहिले.

तरीही साथ आली की ‘कोणाच्या मुलामुळे?’ हा शोध थांबवलेला बरा. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून पसरतात, गोवर चार दिवस आधीपासून, फ्लू लक्षणांच्या आदल्या दिवसापासून. आईला काही कळण्याआधीच मुलाने संसर्ग वाटलेला असतो. आणखी एक दिलासा आहे. अमेरिकेत टक्सन येथे मुलांचा जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना सुरुवातीला सर्दी जास्त झाली, पण सहा ते अकरा या वयात घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी.

एवढे सगळे माहीत असलेले पालकही मुलाला औषध पाजून पाठवतात, आणि त्यांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची केली आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण ते मूल दीड वर्षाचे होऊन तापाने फणफणले, तर त्याच्यासाठी पगारी रजा त्या कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, राज्य सरकारने 2018 मध्ये 180 दिवसांची दिली. खासगी नोकरीत आईची किरकोळ रजा संपते, मग तिची स्वतःच्या आजारपणाची रजा मुलाच्या आजारपणात जाते, आणि पुढे ती स्वतः आजारी पडली की तापातच कामावर जाते. वडिलांच्या रजेचा विषय कित्येक घरांत निघतही नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर एक खाडा म्हणजे पैसे कापले जाणे किंवा काम सुटणे. स्वीडनमध्ये आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या आईला किंवा वडिलांना 1974 पासून सामाजिक विम्यातून भरपाई मिळते, मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत. अशी सोय असेल तर बाटलीतल्या औषधावर दिवस ढकलायची पाळी फार कमी वेळा येईल.

तोवर दोन गोष्टी मूल ठणठणीत असतानाच ठरवून घ्याव्यात. पाळणाघरात नाव घालतानाच ताप, जुलाब आणि औषधे यांबाबतचे नियम विचारावेत, आणि कोणत्या आजारपणात कोण रजा घेणार ते आईवडिलांनी आपसांत बोलावे. आणि सकाळी औषध द्यावेच लागले, तर किती वाजता, किती आणि कोणत्या बाटलीतले दिले ते काकूंना चिठ्ठीवर लिहून द्यावे.