लेफ्ट आऊटला कोण?

हॉकीचा संघ कागदावर उतरवायला बसलं की नावं एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी गोली, मग दोन फुल बॅक, मग सेंटर हाफ. सेंटर फॉरवर्ड आणि राइट आऊट यांच्यावरून थोडी ओढाताण होते. सगळी नावं लिहून झाली की जे एक नाव उरतं, ते लेफ्ट आऊटपुढे पडतं. बहुतेक वेळा ते संघातल्या सगळ्यात लहान पोराचं किंवा पोरीचं असतं. ‘तू तिकडे उभा राहा, जागा सोडू नको,’ एवढं सांगून त्याला डाव्या टोकाला धाडतात. शालेय स्पर्धांत मी हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. लहान खेळाडूला त्या जागेवर ठेवायला माझी हरकत नाही, मीही ठेवतो. पण तिथे ठेवलेला खेळाडू लपवून ठेवलेला आहे, या समजुतीने संघाचं फार नुकसान होतं.

ही समजूत आली कुठून, ते स्टिककडे पाहिलं की कळतं. हॉकीत डावखुऱ्याची स्टिक नसते. स्टिकची डावी बाजू सपाट, उजवी गोलसर, आणि बॉल सपाट बाजूने किंवा कडेनेच खेळायचा. खेळाडू डावखुरा असला तरी त्याला उजव्या हाताचीच हॉकी खेळावी लागते. आता राइट आऊट साइडलाइनने पळत गेला आणि त्याला बॉल मध्ये, गोलसमोर द्यायचा आहे, तर त्याचा डावा खांदा आपोआपच मैदानाच्या आतल्या बाजूला असतो. तो पळता पळता हिट मारतो आणि बॉल डीमध्ये येतो. लेफ्ट आऊटचं सगळं उलटं. त्याचा डावा खांदा साइडलाइनकडे. बॉल आत द्यायचा तर त्याला बॉलच्या पुढे जाऊन, त्याला वळसा घालून, जवळजवळ आपल्याच गोलकडे तोंड करून उभं राहावं लागतं. तेवढ्यात समोरचा बॅक येऊन पोचतो. रिव्हर्स स्टिकने कडेवर बॉल घेऊन मारायची पद्धत रुळल्यापासून हे ओझं हलकं झालं, पण बारा-तेरा वर्षांच्या मनगटात तो फटका लगेच येत नाही. म्हणून राइट आऊटला टाळ्या मिळतात आणि डावं टोक ओस पडतं.

इथपर्यंत सगळे बरोबर बोलतात. पण हा हिशोब बॉल आपल्याकडे असतानाचा आहे. बॉल समोरच्यांकडे गेला की तीच स्टिक आपल्या लेफ्ट आऊटच्या बाजूने उभी राहते.

त्यांचा राइट बॅक बॉल घेऊन उभा आहे. उजव्या हाताच्या स्टिकने सगळ्यात सहज जाणारा पास म्हणजे डावीकडे ओढून मारलेला, आणि त्याच्या डावीकडे मैदानाचा मध्य आहे. तिथे त्यांचा सेंटर हाफ मोकळा असतो. तो एक पास गेला की आपली अख्खी फॉरवर्ड लाईन मागे पडली. हा पास अडवायचा तर आपल्या लेफ्ट आऊटने सरळ अंगावर धावून चालत नाही. त्याने आतल्या बाजूने, थोडा वळसा घेत यायचं, स्टिक जमिनीलगत ठेवून. असं आलं की मैदानाचा मध्य त्याच्या उजव्या हाताला येतो, म्हणजे स्टिकच्या जोरकस बाजूला. आतली वाट बंद. राइट बॅकपुढे उरते ती साइडलाइनची अरुंद पट्टी. आम्ही मैदानावर ‘बाहेर काढ’ म्हणतो, शिकलेले प्रशिक्षक ‘चॅनल कर’ म्हणतात. साइडलाइनपलीकडे कुणालाच खेळता येत नाही, त्यामुळे ती फक्कीची रेघ आपल्या बाजूने खेळते.

म्हणजे आक्रमणात जी जागा सगळ्यात अवघड, तीच बचावाची सुरुवात करायला सगळ्यात सोयीची. आणि नेमक्या त्या जागेवर आपण ज्याला काहीच सांगितलेलं नाही असं पोर उभं करतो!

मी स्वतः लेफ्ट हाफ खेळायचो. माझ्यापुढे दहा-बारा मीटरवर लेफ्ट आऊटची पाठ असायची आणि त्या पाठीवरून मला माझा खेळ कळायचा. तो आतून वळून आला की पुढचा पास साइडलाइननेच येणार हे मला बॉल सुटण्याआधी कळे आणि मी दोन पावलं पुढे निघालेलो असे. माझ्यामागचा बॅक माझ्याकडे बघून सरके, सेंटर हाफ आमच्या बाजूला झुके. सगळ्यात पुढच्या ओळीतल्या सगळ्यात लहान पोराचा खांदा वळला की मागच्या दोन ओळी वळत. तो सरळ धावला, तर आमच्यापैकी कुणालाच काही ठरवता येत नसे. राइट बॅक एका साध्या पुशने तिघांना निकालात काढी. बॉलला स्टिक न लावता त्या पोराने सामना जिंकलेला किंवा घालवलेला असे आणि प्रेक्षकांना पत्ताही नसे.

त्यामुळे ‘सर, मला बॉलच मिळत नाही’ ही लहान खेळाडूची तक्रार मी मन लावून ऐकतो. ती खरी असते. साठ मिनिटांचा सामना, मैदानावर बावीस खेळाडू. बॉल एक क्षणही थांबला नाही आणि सगळ्यांना सारखा वाटला, तरी एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. उरलेली सत्तावन्न मिनिटं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याने टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिलेले असतात ते गोल, ड्रिबल, ड्रॅग फ्लिक. म्हणून सरावात मी बराच वेळ नुसत्या पळण्याला देतो. कधी निघायचं, कुठून यायचं, कुठे थांबायचं. त्यातही ‘कधी’ सगळ्यात कठीण. बॉल राइट बॅककडे पोचल्यावर निघालं तर उशीर झाला. बॉल त्याच्याकडे गडगडत जात असतानाच निघायचं, म्हणजे तो बॉल अडवायला खाली बघतो तेव्हा आपण अर्ध्या वाटेवर असतो.

या बाबतीत देवळालीतलं आमचं मुरमाचं मैदान उत्तम शिक्षक आहे. निळ्या टर्फवर बॉल पाण्यावरून सरळ घसरतो. आमच्याकडे तो उडतो, थबकतो, एखाद्या खड्याला लागून दिशा बदलतो. बॅकच्या स्टिकवरून बॉल एक वीत जरी उडाला, तरी तेवढा क्षण पुरतो. कुठल्या कोपऱ्यात माती सैल आहे आणि कुठे बॉल हमखास उडतो हे आमच्या मुलांना तोंडपाठ असतं. समोरच्याला त्याच कोपऱ्यात न्यायचं, हेही ती आपसूक शिकतात. हिवाळ्यात देवळालीची सकाळ कडक असते, बॉल स्टिकवर नीट बसला नाही तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. अशा वेळी मुलं बॉल टाळायला बघतात. त्या दिवसांत मी बॉलशिवायचा सराव वाढवतो, आणि अंगात ऊब येईपर्यंत तोच चांगला.

जुन्या हॉकीतही डावी बाजू दुय्यम नव्हती. पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक अशी रचना होती तेव्हा रूपसिंग लेफ्ट इन खेळायचे. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला, त्यातले दहा गोल त्यांचे आणि आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. १९८०च्या मॉस्कोच्या सुवर्णपदक संघातले झफर इक्बाल लेफ्ट आऊट. १९८४च्या ऑलिम्पिकला तेच कर्णधार होते. पाकिस्तानचा समीउल्ला त्याच जागेवर खेळायचा आणि त्याच्या वेगामुळे त्याला ‘फ्लाइंग हॉर्स’ म्हणत. मुलांना मी ही नावं मुद्दाम सांगतो. डाव्या टोकाला पाठवलेल्या पोराला आपल्या आधी तिथे कोण उभं होतं ते ठाऊक असलं पाहिजे.

पण त्या काळच्या फॉरवर्डला मागे येऊन बचाव करण्याची आजच्याइतकी सक्ती नव्हती. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला संघ सातवा आला. खेळाचा वेग बदलला. पुढे खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा मिळाली, १९९६मध्ये ऑफसाइड गेलं. आता फॉरवर्ड पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळतो आणि बाहेर येतो, त्याच्या जागी ताजा खेळाडू जातो. ज्युनिअर खेळाडूसाठी ही फार मोठी संधी आहे. पूर्वी तो राखीव म्हणून अख्खी स्पर्धा बाकावर काढायचा. आता त्याला प्रत्येक क्वार्टरमध्ये चार मिनिटं मिळू शकतात. मात्र ती चार मिनिटं तो बॉलमागे धावण्यात घालवतो, हे बहुतेक संघांचं दुखणं आहे. मध्यरेषेजवळून आत जाताना पहिल्यांदा आपल्या शेजारच्या खेळाडूकडे बघ, मग मागच्या हाफकडे, आणि सगळ्यात शेवटी बॉलकडे, असं मी सांगतो. शेजारी आठ मीटरवर असेल आणि तू वीसवर, तर मधल्या भगदाडातून कुणीही जाईल.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला ब्रिटनविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा वेळ आपण दहा जणांनी खेळलो. १-१ अशी बरोबरी, मग शूटआऊटमध्ये ४-२. सगळे श्रीजेशचे बचाव बघतात आणि ते बघण्यासारखेच आहेत. मी मुलांना फक्त आपल्या फॉरवर्डकडे बघायला सांगतो. एक माणूस कमी असताना ते कुठे उभे राहतात, किती मागे येतात, ब्रिटनच्या बॅकला कुठली वाट मोकळी ठेवतात. पहिल्यांदा बघताना मुलं कंटाळतात. पुढच्या वेळी त्यांच्यातलाच कुणीतरी ओरडतो, ‘सर, बघा, बाहेर काढतोय!’

देवळालीत संघ बांधण्याची एक अडचण आहे, ती इतर गावांत फारशी नसेल. हे तोफखान्याचं गाव. पलीकडे फायरिंग रेंजवर तोफा वाजतात आणि नवीन आलेलं पोर सोडलं तर मैदानावर कुणी मान वर करत नाही. मैदानावर निम्मी मुलं भगूर, संसरी, लहवितची असतात, शेतकऱ्यांची, रेल्वेतल्या माणसांची, लॅम रोडवरच्या दुकानदारांची. निम्मी लष्करातल्यांची, कुणी पंजाबचं, कुणी ओडिशाचं, कुणी मणिपूरचं. संसरीचा हाफ मराठीत ओरडतो, मणिपूरचा फॉरवर्ड हिंदीत उत्तर देतो आणि खेळ चालतो. दोन-तीन वर्षांत वडिलांची बदली होते आणि जमलेल्या ओळीतला एक दात निखळतो. सेंटर हाफ जम्मूला गेला, राइट इन सिकंदराबादला. दर जूनमध्ये नव्याने सुरुवात.

यातूनच मी जागा शिकवायला लागलो. लेफ्ट आऊट कोण आहे यापेक्षा लेफ्ट आऊटने काय करायचं हे मागच्या दोन्ही ओळींना माहीत असेल, तर नवं पोर आठवड्याभरात बसतं. जुन्यांनी नव्याला शिकवायचं, असा आमचा रिवाज आहे. लेफ्ट हाफ आपल्या पुढच्या पोराला मागून सांगत राहतो, ‘थांब... थांब... आता जा, आतून!’ सहा-आठ आठवड्यांनी हे सांगणं आपोआप बंद होतं.

महाराष्ट्रात हॉकी रुजली ती छावण्यांच्या आणि रेल्वेच्या वसाहतींच्या आधाराने. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकनी खेळत धनराज पिल्ले मोठा झाला आणि चार ऑलिम्पिक खेळला. आता मात्र नवी नावं वेगळीकडूनच येत आहेत. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे २०२२मध्ये दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला ज्युनिअर विश्वचषक खेळल्या. भारत चौथा आला. ऊस-कांद्याच्या पट्ट्यातून मुली भारताच्या मधल्या आणि मागच्या फळीत पोचतात, तर आमच्या दारणेकाठच्या मुलींना ते अशक्य नाही. आमच्या मुलींना मी हे सांगतो तेव्हा त्या लाजत नाहीत. कुठल्या जागेवर खेळतात, असा उलट प्रश्न विचारतात. तो प्रश्न मला फार आवडतो.

आमच्याकडे दोन वर्षं लेफ्ट आऊट खेळलेली एक मुलगी वडिलांच्या बदलीमुळे उत्तरेत गेली. परवा तिचा फोन आला. तिकडच्या संघात तिला राइट आऊटला घातलंय. ‘सर, मी आतूनच जाते, तुम्ही सांगितलं तसंच, तरी ती लेफ्ट बॅक मला आतून काढून जाते. असं कसं?’ मी म्हटलं, आता तुझा मध्य डाव्या हाताला आला. तिथे तुझी स्टिक उलटी, रिव्हर्सला जोर नाही, म्हणून आतली वाट पायांनी बंद करायची. एक पाऊल जास्त आत उभी राहा, डावा पाय पुढे ठेव, आणि स्टिक घालायची घाई करू नको, तिलाच आधी बॉल पुढे ढकलू दे. ती थोडा वेळ गप्प होती. बहुधा खोलीत उभी राहून पाय लावून बघत असावी. मग म्हणाली, ‘पण सर, मग माझ्या मागच्या राइट हाफला हे कोण सांगणार?’ मी म्हटलं, तू सांग.